रोज एक जास्त

टिपाताई त्या दिवशी वर गेली ती एक कागद चिकटवायला. काम पाच मिनिटांचं. कागद, चिकटपट्टी आणि कात्री एवढंच घेऊन ती पावणेसहाच्या पाळण्यात बसली, आणि मोबाइल खाली टेबलावर चार्जिंगला लावून गेली. मोबाइलचं तेवढं लक्षात ठेवा. तिला पुढे बराच वेळ त्याची आठवण येणार आहे.

पाळणा म्हणजे तारेवरून डोंगरावर जाणारा काचेचा डबा. खालच्या ठाण्यातून निघायचा आणि सहा मिनिटांत वरच्या फलाटाला टेकायचा. वर बघण्यासारखं काय, तर दरी, वारा, चार बाकं आणि बहुतेक दिवस धुकं. तरी माणसं हौसेने जायची. खाली यायला मात्र पाळण्याशिवाय दुसरी वाट नव्हती, आणि दिवस मावळला की वर हाडं गोठवणारी थंडी पडायची. म्हणून ठाण्याचा पहिला आणि शेवटचा नियम एकच होता. वर कोणी उरलेलं नाही याची खात्री झाल्याशिवाय मोठं चाक थांबवायचं नाही.

तीस वर्षं ही खात्री मामा करत आले होते. ते नक्की कोणाचे मामा हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळे त्यांना मामा म्हणायचे. वरचा फलाट त्यांच्या ताब्यात. सहा वाजले की ते बाकांच्या मागे बघायचे, स्वच्छतागृहाचं दार ठोठावायचे, कठड्याशी उभं राहून तीनदा ओरडायचे, "आहे का कोणी? पाळणा निघाला हो!" आणि मग स्वतः शेवटच्या पाळण्यातून खाली यायचे. त्यांच्या कारकिर्दीत एकही माणूस वर राहिला नाही.

आता मामा निवृत्त होत होते, आणि त्यांच्या जागी माणूस नेमायचा नाही असं ठरलं होतं. त्याऐवजी संगणकावर चालणारा एक एजंट आणला होता. नोंदींना प्रश्न विचारायचे, आलेल्या उत्तरांवरून विचार करायचा आणि चाक थांबवायचं की आणखी एक पाळणा पाठवायचा ते ठरवायचं, असं त्याचं काम. हुशार होता, नम्र होता, चोवीस तास जागा होता. पण त्याला जे लिहून द्यावं तेवढंच त्याला खरं. पहिल्याच आठवड्यात ठाण्यात त्याचं नाव पडलं सांगकाम्या.

सांगकाम्याला डोळे नव्हते, पाय नव्हते. होती ती तीन साधनं. पहिल्याला विचारलं की आज किती माणसं वर गेली ते कळायचं. दुसऱ्याला विचारलं की किती खाली आली ते कळायचं. हे मोजायला दोन्ही फलाटांवर पाळण्याच्या दारात एक लाल दिव्याचा डोळा बसवलेला होता, आणि जो कोणी समोरून जाईल त्याला तो मोजायचा. तिसरं साधन म्हणजे काटा. दोन्हीकडे पाळण्याच्या उंबऱ्यात एक लोखंडी पाटी होती, तिच्यावर उभं राहिलेल्याचं वजन तिथे उमटायचं. पाळण्यात फार भार होऊ नये म्हणून ती बसवली होती.

प्रत्येक साधनासोबत एक टीप लागायची. हे साधन काय सांगतं, काय सांगत नाही, कधी वापरायचं, आलेल्या आकड्याचा अर्थ काय धरायचा. सांगकाम्या ती टीप वाचून वागायचा. या टिपा लिहायला जिला आणली ती टिपाताई.

त्याआधी पंधरा वर्षं तिने कपडे धुण्याच्या यंत्रांच्या पुस्तिका लिहिल्या होत्या. लोक त्या पुस्तिका खोक्यातून काढतात आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवतात, हे तिला पक्कं माहीत होतं. तिच्या स्वतःच्या घरातलं टेबलही तशाच एका पुस्तिकेवर उभं होतं. आता आयुष्यात पहिल्यांदा तिला शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा वाचक मिळाला होता. त्या आनंदात ती रोज अर्धा तास आधी कामावर यायची आणि सगळ्यांच्या शेवटी जायची. पूर्वी संध्याकाळी ठाण्याला कुलूप लावायचं काम मामांचं होतं. ती आल्यावर ते तिच्याकडे आलं, कारण तिचं घर सगळ्यात जवळ होतं, चालत दहा मिनिटांवर.

मामांनी किल्ल्या तिच्या हातात दिल्या तेव्हा एक गोष्ट सांगितली होती.

"ताई, तुमच्या त्या टिपेत लिहा. खाली आलेल्यांतून एक वजा करायचा."

"का?"

"रोज एक जास्त येतो."

"कुठून?"

"वरून," मामा म्हणाले, आणखी कुठून येणार अशा सुरात.

"पण तो वर गेलेला असेलच ना?"

"वर जाताना नाही पाहिला कधी. खाली येताना डोळा मोजतो, शेवटच्या पाळण्यात. एकच येतो. दोन कधी नाहीत. शिस्तीचे आहेत."

टिपाताईने पेन थांबवलं. "आहेत? मघाशी एक म्हणालात ना?"

"रोज एक. तोच की दुसरा, ते मी विचारलं नाही." मामांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "आपण आपलं काम करावं, त्यांनी त्यांचं."

टिपाताईला हसू आलं. तरी तिने गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या. गेले दोनशे बारा, आले दोनशे तेरा. गेले एकोणनव्वद, आले नव्वद. एकही दिवस चुकलेला नव्हता. तिचं हसू जरा कमी झालं आणि ती कागद घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेली.

साहेब म्हणजे भला माणूस, पण कागदावर काही विचित्र दिसलं की त्यांना धास्ती वाटायची. "डोळ्यात धूळ बसली असेल हो. पुढच्या महिन्यात बदलून टाकू. एक जास्तच येतोय ना? कमी आला असता तर गोष्ट वेगळी!"

"पण टिपेत जे आहे ते लिहायला हवं, साहेब. जे असावं ते लिहून चालत नाही."

"ताई, ही टीप वरचे लोक वाचणार. रोज एक माणूस आकाशातून येतो असं लिहिलंत तर मला कोणत्या डॉक्टरकडे पाठवतील? सरळ लिहा. गेले आणि आले सारखे झाले की वर कोणी नाही. किंवा जास्त झाले की वर कोणी नाही. संपलं!"

टिपाताईने ते लिहिलं. आपण लिहितोय ते खरं नाही हे हाताला कळत होतं, पण साहेबांचा चेहरा बघून तिने मन मारलं. काट्याच्या टिपेचा तर तिला कंटाळाच आला. शुक्रवार होता, डोकं दुखत होतं, आणि काटा नीट चालत होता. तिने एकच ओळ लिहिली, 'उंबऱ्यावरचं वजन सांगतो.' कधी वापरायचं, कशाला वापरायचं, काही नाही. धुण्याच्या यंत्राच्या पुस्तिकेत तिने इतका आळस कधी केला नव्हता.

घरी तिची मावशी असायची. मावशीचं वय ऐंशीच्या घरात, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. अलीकडे तिला एक सवय लागली होती. टिपाताई संध्याकाळी आत आली की मावशी दार लगेच लावायची नाही. जरा धरून उभी राहायची, मग लावायची. "वारा आत घेतेस का?" असं टिपाताई चिडवायची. "घेते हो," मावशी म्हणायची, आणि विषय संपायचा.

मामांच्या निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी लांबलचक भाषण केलं, आणि मामा टिपाताईला बाजूला घेऊन म्हणाले, "ते एक वजा करायचं लिहिलंत ना?"

"साहेब नको म्हणाले."

मामांनी मान हलवली. रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. "बघा बुवा. मी होतो तोवर आकडा हवा होता कोणाला? मी हाक मारत होतो." मग जाता जाता त्यांचा चेहरा खुलला. "बाकी आता घरी बरं वाटतं. बायको म्हणते, तीन महिने झाले, घर कसं मोकळं मोकळं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी सांगकाम्याने एकट्याने कारभार हातात घेतला. आणि त्याच संध्याकाळी टिपाताई तो कागद चिकटवायला वर गेली.

कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मदत हवी असल्यास पेटीचं बटण दाबा.' पेटी फलाटाच्या भिंतीवर होती, तिच्यातून सांगकाम्याशी बोलता यायचं. वर धुकं इतकं दाट होतं की कठडा दिसत नव्हता. शेवटची मंडळी हसत, खोकत पाळण्याकडे चालली होती. भिंत ओली होती, चिकटपट्टी चिकटेना. कोरडं फडकं आणायला ती मागच्या खोलीत गेली. खोलीत वंगणाचा आणि ओल्या लोखंडाचा वास भरला होता. फडकं सापडायला वेळ लागला, एवढंच झालं.

ती बाहेर आली तेव्हा पाळणा गेलेला होता. तिला त्याचं काही वाटलं नाही. पुढचा येईल. तिने भिंत पुसली, कागद लावला, दोन पावलं मागे जाऊन अक्षर सरळ आहे ना ते पाहिलं.

आणि मग मोठं चाक थांबलं.

त्या चाकाची घरघर ठाण्यात दिवसभर चालू असायची. इतकी की कोणाला ती ऐकूच यायची नाही. आता ती बंद झाल्यावर टिपाताईला पहिल्यांदा कळलं की आपण तीन महिने एका आवाजात राहत होतो. पाठोपाठ फलाटावरचे दिवे एकेक करून विझले. पेटीवरचा हिरवा ठिपका तेवढा राहिला.

"अरे!" ती धुक्याला म्हणाली. "अरे, मी आहे ना!"

खिशात हात घातला. मोबाइल खाली टेबलावर चार्ज होत होता.

तिने पेटीचं बटण दाबलं.

"नमस्कार," सांगकाम्याचा शांत आवाज आला. "मी आपली काय मदत करू?"

"मी वर राहिलेय. पाळणा पाठव."

"नोंदी पाहतो. आज सत्त्याऐंशी वर गेले, सत्त्याऐंशी खाली आले. वर कोणी नाही."

टिपाताईच्या पाठीतून थंडी सरकली, आणि ती धुक्याची नव्हती. सत्त्याऐंशीतली एक ती स्वतः. मग सत्त्याऐंशी खाली कसे गेले? शहाऐंशी माणसं गेली… आणि तो रोजचा एक. तिच्या जागेवर बसून गेला.

"अरे, मी बोलतेय तुझ्याशी."

"आपला आवाज मला येतो आहे. पण वर कोणी असल्याची नोंद नाही."

"मी टिपाताई आहे! तुझ्या टिपा मीच लिहिल्यात!"

"टिपेत लिहिलं आहे, गेले आणि आले सारखे झाले की वर कोणी नाही. टीप अगदी स्पष्ट आहे. आभारी आहे."

तिला रडावं की हसावं कळेना. पंधरा वर्षं तिने वाचकाची वाट पाहिली होती. वाचक मिळाला, त्याने शब्द न् शब्द वाचला आणि तिचंच वाक्य तिच्या तोंडावर मारलं. तिने हातावर हात चोळले. बोटं बधिर व्हायला लागली होती.

"बरं… मग तुला काय वाटतं, हे कोण बोलतंय?"

सांगकाम्या म्हणाला, "ते टिपेत नाही. चाचणीचे दिवस धरून गेले एकवीस दिवस, चाक थांबल्यावर या पेटीचं बटण दाबलं जातं. वर कोणी नसताना. आजवर कोणी बोललं नव्हतं. आपण पहिल्या."

टिपाताईने पेटीवरचा हात काढून घेतला. जणू ती गरम होती.

मागे बाकं होती. धुक्यात त्यांचे नुसते आकार दिसत होते. ओल्या लाकडावर कोणी बसलं की जसा आवाज येतो तसा एक आवाज आला. मग दुसऱ्या बाकावर. घाई नव्हती, दवाखान्यात नंबर लावून बसलेले लोक जसे सरकून जागा देतात तसं काहीतरी. मावशी घरी वाट बघत असेल, सात वाजता काळजी करेल, आठ वाजता शेजाऱ्यांना उठवेल, पण वर कोणी नाही असं सगळ्यांना सांगणारा सांगकाम्या खाली बसला आहे, आणि सकाळपर्यंत या थंडीत आपण वाचत नाही, हे तिला स्वच्छ दिसलं.

मग तिला राग आला. भीतीपेक्षा राग बरा, निदान त्याने डोकं चालतं. टीप चुकली आहे. चुकलेली टीप दुरुस्त करायची असते. गेली पंधरा वर्षं ती दुसरं काय करत होती?

तिने पुन्हा बटण दाबलं. "नीट ऐक. तुझ्याकडे तिसरं साधन आहे. काटा."

"हो. 'उंबऱ्यावरचं वजन सांगतो.' कधी वापरायचं ते लिहिलेलं नाही, म्हणून वापरलं नाही."

"माझी चूक. आता लिहून घे. वरच्या उंबऱ्यावर वजन असेल तर वर माणूस आहे, मग डोळा काहीही सांगो. काट्याचं खरं धरायचं, डोळ्याचं नाही. घेतलंस?"

"घेतलं. ही टीप कोणाच्या अधिकाराने?"

"टिपा लिहिणारीच्या!" ती ओरडली, आणि भिंतीला चाचपत, बाकांकडे न बघता, उंबऱ्यातल्या लोखंडी पाटीवर जाऊन उभी राहिली. पाटीने पायाखाली बारीक टक् केलं.

पेटीतून आवाज आला. "वरच्या उंबऱ्यावर एकसष्ट किलो."

"साठ!" ती सवयीने म्हणाली.

"एकसष्ट. वर कोणीतरी आहे. माफ करा. पाळणा पाठवतो आहे. सहा मिनिटं लागतील."

मोठं चाक घरघरलं. इतका गोड आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. दिवे लागले, पण धुक्यात त्यांचे पिवळे गोळेच झाले. ती पाटीवरून हलली नाही. दोन मिनिटं गेली. तीन गेली. तार थरथरायला लागली.

"कृपया," सांगकाम्या हलकेच म्हणाला, "पाळण्याच्या दाराशी एकानेच उभं राहावं."

"मी… एकटीच आहे."

"वजन एकाचंच आहे. पण डोळ्यासमोरून आत्ता आणखी एक जण गेला. तो आपल्या पुढे उभा आहे."

टिपाताईच्या पुढे अर्धा हात मोकळी जागा होती. तिथलं धुकं जरा जास्त गार होतं. तिची पाचावर धारण बसली. पण त्या क्षणी मामांचं बोलणं आठवलं. रोज एकच. दोन कधी नाहीत. शिस्तीचे आहेत.

तिने घसा साफ केला. मावशी नळावर रांग मोडणाऱ्यांना ज्या आवाजात झापायची तो आवाज तिने काढला, थोडा कापरा निघाला इतकंच.

"हे बघा. आजचा एक खाली गेलाय. आजचा नंबर झाला. तुम्ही उद्या. रांग मोडायची नाही… उद्या."

काही झालं नाही. मग पुढचं गार धुकं हळूच बाजूला झालं, आणि मागे एक बाक वाजलं.

पाळणा आला, ती आत शिरली, दार लागलं. खाली पोचेपर्यंत तिने डोळे मिटून मोठ्याने पाढे म्हटले. सत्तावीसच्या पाढ्यात ती दरवेळी अडखळायची, त्या दिवशी मात्र एकदाही चुकली नाही.

खाली साहेब ऑफिसात शेवटचा चहा पीत होते. बंद झालेला पाळणा चालू झालेला पाहून त्यांनी तो सगळा चहा शर्टावर सांडला होता. टिपाताई दारात उभी राहिली, निळ्या ओठांनी म्हणाली, "साहेब, टीप बदलतेय," आणि साहेबांनी नुसती मान हलवली.

घरी पोचायला उशीर झाला. मावशीने दार उघडलं. "आत्ता आलीस? मला वाटलं मघाशीच आलीस. सव्वासहाला दार वाजलं, मी उघडलं, तर…"

"तर काय?"

"काही नाही. हातपाय गरम पाण्याने धू आधी, कशी गारठलीयेस बघ!"

टिपाताईने दुसऱ्या दिवशी तिन्ही टिपा नव्याने लिहिल्या. इतकं मन लावून तिने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. 'खालचा डोळा रोज एक असा मोजतो ज्याचं वजन खालच्या काट्यावर येत नाही. तो माणसांत धरू नये. चाक थांबवण्याआधी वरच्या पेटीतून तीनदा हाक मारावी आणि वर असलेल्याला उंबऱ्यावर उभं राहायला सांगावं. वजन आलं तर पाळणा पाठवावा. वजन शून्य असेल, तर उत्तर आलं तरी चाक थांबवावं. टिपेत नसलेलं काही दिसलं तर अंदाज करू नये, विचारावं.'

साहेबांनी ती दोनदा वाचली. "यात भूत हा शब्द कुठे आहे का?"

"एकदाही नाही."

"मग हरकत नाही," म्हणून त्यांनी घाम पुसत सही केली.

मामांना तिने टीप फोनवर वाचून दाखवली. "एवढंच तर मी सांगत होतो," मामा म्हणाले. मग पुढे म्हणाले, "हाक मारायची घातलीत ते मात्र छान केलंत." तीस वर्षं त्या माणसाला जे ठाऊक होतं ते कोणी लिहून घेतलं नव्हतं, आणि तिला ते सांगितल्यावरही तिने लिहिलं नव्हतं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. एकदा एक आजोबा बाकावर झोपून गेले होते, सांगकाम्याने तिसऱ्या हाकेला त्यांना उठवलं, उंबऱ्यावर उभं केलं आणि खाली आणलं. आजोबांनी खाली येऊन त्याच्या पडद्याला नमस्कार केला. साहेब आता पाहुण्यांना टिपा दाखवू लागले, जणू त्यांनीच लिहिल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी टिपाताई कुलूप लावायच्या तयारीत होती, तेव्हा पडद्यावर सांगकाम्याचा रोजचा अहवाल आला. 'वर गेले एकशे चार. खाली आले एकशे पाच. त्यातला एक वजनाशिवाय. वर तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं, "उद्या". काटा शून्य. टिपेप्रमाणे चाक थांबवलं.'

ती वाचून हसली. रांग पाळतात म्हणजे. मग तिला खाली आणखी एक ओळ दिसली.

'टिपेत नसलेलं विचारावं असं आपण लिहिलं आहे, म्हणून विचारतो. डोळा बसवल्यापासून वजनाशिवायचे चार हजार दोनशे अकरा खाली आले. परत वर गेलेला एकही नाही. खाली आल्यावर ते कुठे जातात, हे सांगणारं साधन माझ्याकडे नाही. आपल्याला ठाऊक असल्यास लिहून द्यावं.'

टिपाताई त्या ओळीकडे बघत बसली. खरंच की. हे तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. सोमवारी बघू, असं म्हणून तिने दिवे मालवले, ठाण्याला कुलूप लावलं, किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि घराची वाट धरली. छान गार हवा होती. रस्त्यात तिने दोनदा मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

मावशीने दार उघडलं. टिपाताई आत आली. मावशी रोजच्यासारखी दार धरून उभी राहिली, कोणी वडीलधारं माणूस आत येताना राहावं तशी, आणि मग तिने ते हलकेच लावलं.

या वेळी टिपाताईने चिडवलं नाही. "मावशी," ती हळूच म्हणाली, "तू कोणासाठी थांबतेस?"

"अगं, तुझ्या मागून येतो ना रोज एक." मावशी स्वयंपाकघराकडे वळली. "तुझ्या कामावरचे असतील म्हणून मी काही बोलले नाही. चांगले आहेत हो. आवाज नाही, खाणं नाही, पिणं नाही. फक्त तीन महिन्यांत बसायला जागा उरली नाही."

टिपाताईच्या खोलीत चार खुर्च्या होत्या, एक पलंग होता, आणि धुण्याच्या यंत्राच्या पुस्तिकेवर उभं असलेलं ते टेबल होतं. सगळं रिकामं दिसत होतं. एरवी पुस्तिका असूनही डुगडुगणारं टेबल आज बिलकुल डुगडुगत नव्हतं. ती आपल्या नेहमीच्या खुर्चीकडे वळली आणि बसणार तेवढ्यात मावशी आतून ओरडली,

"अगं अगं, बघून बस!"